तक्रारी कमी झाल्या म्हणून सिस्टीम रुळली असं धरू नका

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. कंपनीत नवी ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब सगळं एकत्र सांभाळणारी संगणक प्रणाली) येतेय, तुमच्या विभागाचे समन्वयक तुम्ही, जुनी माणसं कुरकुरतायत आणि तुम्ही विचारताय की ट्रेनिंग किती दिवस ठेवू. स्टोअर आणि अकाउंट्सच्या बाजूने हेच काम मी केलंय. ट्रेनिंग, मास्टर डेटाची (माल, पुरवठादार यांच्या मूळ याद्यांची) साफसफाई, वरिष्ठांचा पाठिंबा यावर लिहीत नाही, ते व्हेंडरही सांगेल. मला बोलायचंय गो-लाइव्हनंतरच्या, म्हणजे सिस्टीम प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतरच्या, पहिल्या दोन-तीन महिन्यांबद्दल. लोक सिस्टीम स्वीकारणार की तिला वळसा घालणार हे तेव्हा ठरतं, आणि माझ्या मते ते सगळ्यात जास्त हेल्पडेस्कवर, म्हणजे युजरांच्या अडचणी सोडवणाऱ्या सपोर्टवर अवलंबून असतं.

आमचं खरं नुकसान केलं ते मुख्य कार्यालयातल्या सपोर्ट विभागाने. आमच्याकडे माल किलोत मागवला जायचा आणि बंडलात यायचा. जुन्या रजिस्टरात स्टोअरकीपर दोन्ही आकडे लिहायचा. नव्या स्क्रीनवर फक्त ऑर्डरमधलं एकक चालायचं. गाडी दारात उभी, ड्रायव्हर घाई करतोय आणि स्क्रीन पुढे सरकत नाही. तिकीट, म्हणजे अडचणीची नोंद, टाकलं की उत्तर यायचं, ‘युजरने मॅन्युअल पाहावे’, आणि तिकीट बंद. पुन्हा टाकलं की पुन्हा बंद. किती तिकिटं किती तासांत बंद केली यावर त्या विभागाचं काम मोजलं जायचं. अडचण सुटली का, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं. एककाची सेटिंग बदलायचा अधिकार होता सिस्टीम बसवणाऱ्या कन्सल्टंटकडे, आणि त्याच्याशी थेट बोलायला आम्हाला मनाई.

मग लोकांनी तिकिटं टाकणंच सोडलं. स्टोअरमध्ये एक्सेल सुरू झालं आणि महिनाअखेरीला कुणीतरी बसून सगळ्या नोंदी एकदम चढवायला लागलं. आढावा बैठकीत तक्रारींचा आलेख खाली येताना दिसला, सिस्टीम स्थिरावली असा निष्कर्ष निघाला आणि सपोर्टची माणसं काढून घेतली गेली. खरेदी विभाग स्क्रीनवरचा साठा बघून ऑर्डरी देत राहिला. वार्षिक मोजणीत साठा जुळेना, तेव्हा खुलासा कुणाकडे मागितला? ज्याने सगळ्यांच्या आधी लेखी कळवलं होतं त्या स्टोअरकीपरकडे. या अन्यायाचा राग मला अजून येतो.

हीच वृत्ती कुठवर जाऊ शकते ते ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात दिसलं. १९९९ पासून तिथे होरायझन ही हिशेबाची संगणक प्रणाली बसवली गेली. हिशेब जुळेनात म्हणून फोन करणाऱ्या अनेक उप-पोस्टमास्तरांना (शाखा चालवणाऱ्यांना) सांगितलं गेलं की ही अडचण फक्त तुम्हालाच येतेय. पुढे ९०० हून अधिक लोक चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. दोष प्रणालीतच होते हे हायकोर्टाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आणि शिक्षा सरसकट रद्द करायला २०२४ मध्ये संसदेला कायदा करावा लागला.

म्हणून तुम्ही आजच दोन गोष्टी लेखी मागा. तिकीट ज्याने टाकलं त्याच्या होकाराशिवाय बंद होणार नाही. आणि सेटिंग बदलायचा अधिकार असलेला माणूस गो-लाइव्हनंतर रोज ठरलेल्या वेळी युजरांसमोर बसेल. यावर वाद होईल, मागे हटू नका.

तिकिटांच्या संख्येपेक्षा एक चांगली खूण सांगते. बहुतेक ईआरपींत प्रत्येक नोंदीला व्यवहाराची तारीख असते आणि ती नोंद प्रत्यक्ष कधी टाकली याची वेगळी वेळही साठवलेली असते. या दोन्हींतलं अंतर दर आठवड्याला काढून बघा. ते वाढत असेल, किंवा नोंदींचा ढीग महिनाअखेरीला पडत असेल, तर काम दुसरीकडे कुठेतरी चाललंय हे नक्की. ते एक्सेल सापडलं की त्यावर बंदी मात्र घालू नका. ते बनवणाऱ्याशेजारी बसून एकेक कॉलम समजून घ्या. सिस्टीममध्ये काय राहून गेलंय याची इतकी नेमकी यादी दुसरीकडे मिळणार नाही.

कुरकुरणाऱ्यांबद्दल. ‘लोकांना बदल नको असतो’ हे वाक्य मला मान्य नाही. लोक संगणक प्रणाली का स्वीकारतात याचा अभ्यास करणाऱ्या फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की वापरायला सोपी असण्यापेक्षा आपल्या कामाला उपयोगी वाटणं हे सिस्टीम वापरण्याशी जास्त जोडलेलं असतं. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयाने डॉक्टरांच्या ऑर्डरी संगणकावर घेणारी सिस्टीम २००२ च्या अखेरीस आणली. ऑर्डर टाकण्यात फार वेळ जातो म्हणून शेकडो डॉक्टर विरोधात उभे राहिले आणि २००३ च्या सुरुवातीलाच ती थांबवावी लागली. तुमच्याकडेही टाइप एकाने करायचं आणि रिपोर्ट दुसऱ्याला मिळायचा, अशी वाटणी झालीय का ते तपासा. झाली असेल तर टाइप करणाऱ्याला त्याच्या कामाचं काहीतरी द्या, निदान येणाऱ्या मालाची रोजची यादी तरी. आणि सगळ्यात जास्त आक्षेप घेणाऱ्याला टेस्टिंगला बसवा, त्याला अपवाद माहीत असतात.

जुन्या जाणकारांना लवकर मोकळं करू देऊ नका. कॅनडा सरकारने २०१६ मध्ये फीनिक्स पगारप्रणाली सुरू केली, तेव्हा पगाराचं काम बघणाऱ्या सुमारे १,२०० कर्मचाऱ्यांच्या जागा कमी करायचं आधीच ठरलेलं होतं. नंतर हजारो लोकांना पगार कमी, जास्त किंवा मुळीच नाही अशी वेळ आली आणि दुरुस्त्या करायला जाणकार हात कमी पडले.

जुनी सिस्टीम फक्त वाचण्यापुरती कधी होणार, ती तारीखही आधी जाहीर करून घ्या. दोन्ही महिनोन्महिने सोबत चालवल्या की लोक दुप्पट काम करून थकतात. पगार याला अपवाद, तिथे निदान दोन पगार जुन्या-नव्याचे आकडे ताडून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. जाता जाता अजून एक: मंजुरी देणारा साहेब रजेवर असताना कोण मंजुरी देणार, हे सिस्टीममध्ये पहिल्या दिवसापासून भरलेलं असू द्या. नाहीतर पासवर्ड एकमेकांना दिले जातात आणि नंतर कुठली नोंद कुणाची हे सांगता येत नाही.

हे सगळं माल आणि हिशेब या बाजूचं आहे. तुमचा विभाग वेगळा असेल तर तपशील बदलतील, शिवाय तुमचा करार मी पाहिलेला नाही. पण गो-लाइव्हनंतर सपोर्टची माणसं किती काळ राहणार ते करारात बघा. त्यात किमान एक पूर्ण मासिक क्लोजिंग (महिन्याचे हिशेब बंद करणं) बसत नसेल तर मुदतवाढ आत्ताच मागा, नंतर बजेट संपलेलं असतं. कंपनीचं नाव वगळून ते कलम इथे टाकलंत तर बघून सांगते.