लंडन–पॅरिस: जायला दोन तास वीस मिनिटं, यायला वीस मिनिटं?

प्रश्न (गुहागर): लेक लंडनला असते. मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार, तिथून चार दिवस पॅरिस. विमानाच्या तिकिटावर लंडनहून सकाळी 10 ला निघून पॅरिसला 12.20, परतताना दुपारी 3 ला निघून 3.20 ला लंडन! छपाईची चूक आहे का? रेल्वे बरी पडेल का?

उत्तर: चूक नाही. तिकिटावर ज्या त्या गावची स्थानिक वेळ असते आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे चालतं. दोन्ही खेपा 1 तास 20 मिनिटांच्याच. (घरी फोन करताना: मे महिन्यात गुहागरची वेळ लंडनच्या साडेचार, पॅरिसच्या साडेतीन तास पुढे.)

हवाई अंतर जेमतेम 345 किमी, म्हणजे मुंबई–रत्नागिरी रस्त्याने भरतं साधारण तेवढं. मग इतका वेळ कशाला? कारण हा वेळ विमान जागचं हललं की सुरू होतो आणि पॅरिसला जाग्यावर उभं राहिलं की संपतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण यातच बराचसा जातो. पूर्ण वेगाने उडायला फार थोडी मिनिटं उरतात.

खरा हिशोब घरापासून मांडा. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, तिथवर जायला तासभर. पॅरिसचा शार्ल द गोल विमानतळ शहरापासून सुमारे 25 किमी. सामान, पासपोर्ट तपासणी आणि लोकल धरून आणखी दीड तास. बेरीज साडेपाच-सहा तासांवर जाते. युरोस्टार ही रेल्वे लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनहून पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनला सुमारे सव्वादोन ते अडीच तासांत, थेट शहरात सोडते. फ्रान्सची पासपोर्ट तपासणी लंडनच्या स्टेशनवरच उरकते, म्हणून तास-सव्वातास आधी जा. आमचं मत रेल्वेच्या बाजूने. मात्र तिकीट लवकर काढा, उशिरा भाडं फार चढतं.

लोक अडकतात ते व्हिसात. ब्रिटनचा व्हिसा फ्रान्सला चालत नाही, शेंगेन (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) वेगळा लागतो आणि तो भारतातूनच काढून निघा. तुमच्या बेतात एकच प्रवेश पुरेल. पण आधी पॅरिस, मग लंडन, पुन्हा पॅरिस असा क्रम ठेवलात तर अनेक प्रवेशांचाच हवा. एकेरी व्हिसा लंडनला निघतानाच संपतो.

प्रश्न (दापोली): भाऊ पॅरिसला आहे. हापूस, पेढे, सुकट नेऊ का?

उत्तर: पेढे नाहीत, बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला बंदी आहे. हापूसला रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, एरवी तो जप्त होतो. त्यातून सूट फक्त नारळ, केळी, अननस, खजूर आणि ड्युरियन या फणसासारख्या फळाला. सुकट घरच्या वापरापुरती, 20 किलोपर्यंत चालते, पण हवाबंद बांधा. वास सुटला तर विमान कंपनीच नाकारेल.