रक्त पाहिलं की भोवळ येते, मग नर्सिंगला जाऊ का?

नीटचा (वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा) निकाल लागला की लातूरमध्ये माझ्याकडे नर्सिंगचा विचार करणारी मुलंमुली समुपदेशनासाठी येऊ लागतात. सीईटी (नर्सिंगची प्रवेश परीक्षा), फी, वसतिगृह याबद्दल ती मोकळेपणानं विचारतात. एक प्रश्न मात्र बहुतेकदा सगळं बोलून झाल्यावर, उठता उठता येतो: "मॅडम, रक्त पाहिलं की मला चक्कर येते. मी नर्स होऊ शकेन का?" औसा तालुक्यातल्या एका मुलीच्या निमित्तानं त्याचं उत्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत.

ती वडिलांबरोबर आली होती. बोलायला सुरुवात वडिलांनीच केली. "लेकरू हुशार आहे, पण हिचं काळीज नाजूक आहे. चुलतभावाचं बोट कडबाकुट्टीत सापडलं, तर ही तिथंच पडली. नाकाला कांदा लावून उठवली. घरचे म्हणतात, ही काय पेशंट सांभाळणार?" ती मान खाली घालून ऐकत होती.

मी तिला विचारलं, "पडायच्या आधी तू काय केलंस?" हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. आठवून आठवून तिनं सांगितलं. सगळे ओरडत होते. तिनं ओढणीची घडी करून बोटावर घट्ट दाबली, भावाला हात उंच धरायला लावला आणि काकाला गाडी काढायला पाठवलं. मग ओढणी लाल होत गेलेली दिसली, कानात गुंई आवाज सुरू झाला, घाम फुटला, मळमळलं आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. म्हणजे त्या अंगणात जे करायला हवं होतं ते याच मुलीनं केलं होतं. गावाच्या लक्षात राहिलं ते तिचं पडणं.

या पडण्याचा धाडसाशी संबंध नाही, हे मी दोघांनाही नीट समजावून सांगितलं. इतर कुठल्याही भीतीत, समजा कुत्रा अंगावर आला तर, छाती धडधडते, रक्तदाब वाढतो आणि तो वाढलेलाच राहतो. त्यात माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त, सुई किंवा जखम पाहून ज्यांना भोवळ येते त्यांच्यात सुरुवातीला नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात आणि मग एकदम खाली येतात. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं आणि माणूस कोसळतो. आडवं झाल्यावर मेंदूकडे रक्त पोचतं, म्हणून थोड्या वेळात शुद्ध येते. कांदा लावला नसता तरी ती उठलीच असती. अशा वेळी माणसाला सपाट झोपवून पाय उंच करावेत, तेवढं पुरतं.

ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यात असते. हे ऐकल्यावर वडील थोडं थांबून म्हणाले, "मला बी इंजेक्शन घेताना भोवळ येती. घरात कुणाला सांगितलं नाही आजवर." मुलीनं पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

उपाय सांगण्याआधी मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्यायला सांगितलं. रक्त न पाहताही चक्कर येत असेल, धावताना किंवा कष्टाचं काम करताना शुद्ध हरपत असेल, छातीत धडधड होत असेल किंवा झटके येत असतील, तर तो समुपदेशनाचा विषय नाही. आधी डॉक्टर. तिचं हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, त्यावर गोळ्या सुरू झाल्या.

आता मुख्य गोष्ट. अशा वेळी सगळे सांगतात, "दीर्घ श्वास घे, अंग सैल सोड." इथं हा सल्ला उलटा पडू शकतो, कारण आधीच खाली येणारा रक्तदाब त्यानं सावरत नाही. इथं स्नायू आवळायचे असतात. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात ही पद्धत अभ्यासून मांडली. खुर्चीत बसायचं. दंड, मांड्या आणि पोट यांचे स्नायू 10 ते 15 सेकंद घट्ट आवळून धरायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवेपर्यंत. मग 20-30 सेकंद नुसतं सोडायचं, पूर्ण ढिलं पडायचं नाही. असं पाच वेळा. श्वास रोखायचा नाही, हे महत्त्वाचं. नवशिक्यांचं नेमकं तिथंच चुकतं. घरी रोज काही वेळा सराव केला की आठवडाभरात हात बसतो.

हात बसल्यावर आम्ही पायरीपायरीनं पुढं गेलो. आधी जखमेचं चित्र, मग टाके घालतानाचा व्हिडिओ, मग ओळखीच्या प्रयोगशाळेत बसून दुसऱ्याचं रक्त काढताना पाहणं. प्रत्येक वेळी घाम फुटायच्या आतच स्नायू आवळायचे. पोट भरलेलं हवं, पाणी प्यालेलं हवं. एक पायरी कंटाळवाणी वाटू लागल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. व्हिडिओवर ती बरेच दिवस अडकली होती. अडकू दिलं. घाईनं एखादीला थेट ऑपरेशन दाखवून "सवय होईल" म्हणणारे लोक तिची भीती पक्की करतात, असं माझं ठाम मत आहे.

दरम्यान एक वेगळा प्रश्न मी तिला वडिलांना बाहेर बसवून विचारला: नीट हुकली म्हणून नर्सिंग, की नर्सिंग हवं आहे म्हणून? भोवळ सरावानं आटोक्यात येते, पण नकोशा कामाचं तसं होत नाही. लकवा झालेल्या आजीची कूस बदलणं, अंग पुसणं, भरवणं हे सगळं ती दोन वर्षं करत होती, आणि त्याबद्दल बोलताना तिचा चेहरा खुलत होता. मला तेवढं उत्तर पुरलं.

बाकीचं थोडक्यात. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, अभ्यासक्रम चार वर्षांचा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) तीन वर्षांचं, त्याला इतर शाखांचे विद्यार्थीही जाऊ शकतात. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या माहितीपत्रकातच पाहावेत, एजंटाच्या तोंडून ऐकू नयेत. पैसे भरण्याआधी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आणि, बी.एस्सी. असेल तर, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता आहे का ते तपासावं, कारण पुढं कौन्सिलची नोंदणी नसेल तर नर्स म्हणून काम करता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांनी निकाल आणि प्रवेश यांच्या मधल्या महिन्यांत शरीररचनेचे इंग्रजी शब्द रोज थोडे लिहून काढावेत. पहिल्या सत्रात अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी अंगावर येतात ते मुख्यतः भाषेमुळं.

आणि कॉलेजात गेल्या गेल्या रक्ताच्या थारोळ्यात उभं करत नाहीत. आधी स्किल लॅबमधला पुतळा, मग बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), स्पंजिंग. जखमा, टाके, ओटी (ऑपरेशन थिएटर) हे सगळं हळूहळू येतं. ओटीत भोवळ येण्याचं कारण कित्येकदा रक्त नसतंच; उपाशीपोटी, मास्क लावून, गुडघे ताठ ठेवून तासन्‌तास उभं राहणं असतं. नाश्ता करून जावं, उभ्या उभ्या पायाची बोटं आणि पोटऱ्या हलवत राहावं. अंधारी येतेय असं वाटलं तर टेबलापासून मागं सरकून भिंतीला टेकून खाली बसावं. स्टरायल (निर्जंतुक) ट्रेवर कोसळण्यापेक्षा ते शंभर पटीनं बरं.

प्रवेश झाल्यावर तिनं फोनवर विचारलं, "हे कॉलेजातल्या मॅडमला सांगू, की लपवू?" मी म्हटलं, पहिल्या पोस्टिंगच्या आधीच क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला सांग. "मला कधी कधी भोवळ येते, त्यावर मी सराव करते आहे, तसं वाटलं तर दोन मिनिटं बसून परत येईन," एवढंच. तिनं सांगितलं. सर्जिकल वॉर्डातल्या पहिल्या ड्रेसिंगला तिला बसावं लागलं, दुसऱ्याला नाही.