‘एन्शंट गॉर्डन’ किती जुना?

प्रश्न असा आला आहे: विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्कॉटिश कपड्यांच्या कॅटलॉगांत ‘ड्रेस स्ट्युअर्ट’, ‘हंटिंग स्ट्युअर्ट’ अशी टार्टनची, म्हणजे रंगीत चौकड्यांच्या स्कॉटिश लोकरी कापडाची, नावे दिसतात, आणि आजच्या दुकानांत ‘एन्शंट गॉर्डन’, ‘मॉडर्न गॉर्डन’ अशी. स्ट्युअर्ट, गॉर्डन ही स्कॉटिश कुळे; मग ही नावे त्यांच्या शाखांची समजायची का? अनुवादात ‘प्राचीन गॉर्डन’ चालेल का?

‘प्राचीन’ अजिबात नको. इथे ‘एन्शंट’ हा शब्द कापडाचे वय सांगत नाही, रंगाची छटा सांगतो. वनस्पतींपासून काढलेल्या रंगांची आठवण देणाऱ्या फिक्या छटांना कापडवाल्यांनी विसाव्या शतकात ‘एन्शंट’ म्हणायला सुरुवात केली आणि रासायनिक रंगांच्या गडद छटा ‘मॉडर्न’ ठरल्या. धाग्यांची मांडणी, जिला तिकडे ‘सेट’ म्हणतात, ती दोन्हींत तीच. ब्लॅक वॉच या स्कॉटिश पलटणीच्या टार्टनचे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहा. ‘मॉडर्न’मध्ये निळा इतका गर्द असतो की तो कुठे संपला आणि काळा कुठे सुरू झाला हे उजेडात नेल्याशिवाय कळत नाही. ‘एन्शंट’मध्ये तोच निळा आकाशीकडे झुकतो, हिरवा शेवाळी होतो आणि चौकडा लांबूनही मोजता येतो. ‘वेदर्ड’ म्हटले की आणखी मातकट, राखाडी छटा.

गॉर्डनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. हा टार्टन 1793 चा. हंटली गावच्या विल्यम फोर्सिथने ड्यूक ऑफ गॉर्डनच्या नव्या पलटणीसाठी ब्लॅक वॉचच्या चौकड्यावर पिवळी रेघ टाकून नमुने दाखवले: एका रेघेचा, दोन रेघांचा, तीन रेघांचा. ड्यूकने एका रेघेचा निवडला. म्हणजे ‘एन्शंट गॉर्डन’ ज्या नमुन्याची फिकी छटा आहे, त्याचा जन्म एका लष्करी ऑर्डरमधला. ‘प्राचीन’ लिहिले की वाचक थेट मध्ययुगात जातो आणि हा सगळा रंजक तपशील बुडतो.

‘ड्रेस’ आणि ‘हंटिंग’ मात्र छटा नव्हेत, तिथे मांडणी किंवा मुख्य रंगच बदलतो. ‘ड्रेस’ म्हणजे समारंभी. बहुधा मूळ नमुन्यातला एखादा मोठा रंग काढून तिथे पांढरा येतो. पण हा नियम धरून बसू नका, कारण ‘ड्रेस मॅकलाउड’ चक्क भडक पिवळा-काळा आहे. ‘हंटिंग’ म्हणजे हिरव्या, निळ्या, तपकिरी रंगांचा, बाहेर वावरायला साजेसा. तो नेसणारा शिकारीलाच निघाला असेल असे मात्र नाही. रॉयल स्कॉट्स पलटणीला 1901 मध्ये ‘हंटिंग स्ट्युअर्ट’च्या विजारी मिळाल्या, त्या गणवेश म्हणून.

कॅटलॉगवाल्यांना नावे वाढवण्यात रस होता, हे उघड आहे. एकाच गिऱ्हाइकाला दिवसाचा एक किल्ट (पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार घागरा) आणि संध्याकाळच्या मेजवानीचा दुसरा विकता येई. ज्यांचे आडनाव कुळाचे नव्हते त्यांच्यासाठी याद्या होत्याच: टेलर असाल तर कॅमेरॉन घ्या, मिलर असाल तर मॅकफार्लेन. मला यात फसवणूक दिसत नाही. घरापासून दूर ग्लासगोत किंवा कॅनडात राहणाऱ्या माणसाला आपले म्हणून काही अंगावर हवे होते, आणि शिंप्याने ते दिले.

अनुवादात मी ‘समारंभी स्ट्युअर्ट’ लिहीन. ‘हंटिंग स्ट्युअर्ट’ तसाच ठेवून पहिल्या उल्लेखाला ‘हिरव्या अंगाचा’ एवढे जोडीन. ‘एन्शंट गॉर्डन’ला ‘फिक्या छटेतला गॉर्डन’. ‘टार्टन’ला नुसता ‘चौकडा’ म्हणू नये, कारण आपला चौकडा कुणाच्याही नावाचा नसतो. आणि त्याच कॅटलॉगात ‘प्लेड’ आला तर तो नमुना समजू नका. स्कॉटलंडात प्लेड म्हणजे खांद्यावरून घ्यायचे लांब लोकरी वस्त्र, जवळजवळ आपली घोंगडी. नमुन्याला प्लेड म्हणण्याची रीत अमेरिकेची.