दूध उतरण्याआधीचे दिवस

ब्रिटनमध्ये प्रसूती सुरळीत झाली तर बाळ-बाळंतिणीला बहुधा एक-दोन दिवसांतच घरी पाठवतात. दूध मात्र साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान उतरते. त्यामुळे सर्वांत कसोटीचा काळ घरी येतो, जिथे भारतातली आजी फक्त व्हिडिओ कॉलवर असते आणि बाळ रडले की त्याचे पोट भरत नाही, असाच निष्कर्ष काढला जातो. या धास्तीने वरचे दूध सुरू होते, बाळ अंगावर कमी ओढते, कमी ओढल्याने दूध कमी तयार होते आणि मूळची शंका खरी वाटू लागते.

वास्तविक पहिल्या दिवसांतले घट्ट, पिवळसर चिकाचे दूध चमचा-चमचाच येते आणि निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला तेवढे बहुधा पुरते. जन्मानंतर पहिल्या तासातच बाळाला उघड्या छातीशी धरून पाजायला सुरुवात करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पुढे चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजावे लागते. सिझेरियननंतर दूध उतरायला थोडा उशीर होऊ शकतो. तेव्हा बाळाला काखेखाली धरून पाजल्यास टाक्यांवर भार येत नाही.

पाजताना स्तनाग्रांचे दुखणे सोसायचेच असते, हा समज मात्र सोडावा. बाळाने केवळ स्तनाग्र तोंडात धरले तर चिरा पडतात आणि दूधही नीट येत नाही. तोंड मोठे उघडून भोवतालचा काळसर भागही त्याच्या तोंडात जायला हवा. म्हणूनच रुग्णालय सोडण्यापूर्वी मिडवाइफला, म्हणजे प्रशिक्षित सुईणीला, एक पूर्ण पाजणे शेजारी बसून पाहण्यास सांगावे. ब्रिटनमध्ये बाळंत होणाऱ्या आपल्या मुली भिडेपोटी ‘सगळे ठीक आहे’ म्हणतात, आणि तिथे मागितल्याशिवाय मदत मिळेलच असे नाही. नीट धरूनही दुखत राहिले, तर बाळाच्या जिभेखालची पट्टी आखूड आहे का, हे तपासून घ्यावे.

दूध पुरते की नाही, हे रडण्यावरून नव्हे, नॅपीवरून ठरवावे. पहिल्या दोन दिवसांत दोन-तीन ओल्या नॅपी पुरतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा जड नॅपी हव्यात आणि काळी, चिकट शी पिवळी व्हायला हवी. सुरुवातीला वजन थोडे घटतेच. ही घट 10 टक्क्यांहून अधिक झाली, किंवा बाळ पिवळे वा सुस्त झाले, किंवा पाजायला उठवूनही उठेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

अळिवाचे लाडू बाळंतिणीने हौसेने खावेत. पण दूध वाढते ते मुख्यतः वारंवार पाजण्याने. बाळाला मध चाटवणे मात्र वर्षभर कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून बॉट्युलिझम हा जंतूंच्या विषामुळे होणारा गंभीर आजार होऊ शकतो. वैद्यकीय कारणाने फॉर्म्युला, म्हणजे डब्यातले पावडरचे दूध, द्यावेच लागले तर अपराधी वाटून घेऊ नये. फक्त त्या प्रत्येक वेळी हाताने किंवा पंपाने दूध काढत राहावे.