प्युरिफायर आणि झाडं दोन्ही थांबू द्या, आधी खिडक्या बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वाकडला नवा टू बीएचके, सातवा मजला, घरात लहान मूल. सकाळी उठलं की सगळ्यांची नाकं चोंदलेली, पावसाळ्यात कपाटाला कुबट वास, आणि एप्रिलमध्ये पश्चिमेच्या बेडरूममध्ये पाय ठेववत नाही. नवरा म्हणतोय एअर प्युरिफायर घेऊ, सासूबाई म्हणतायत संध्याकाळी धूप घाला, आणि तुम्ही नर्सरीत झाडांचे भाव विचारून आलात.

मी एसी आणि एक्झॉस्टची कामं घेतो, म्हणजे माझं पोट यंत्रांवरच आहे. तरी सांगतो, एवढ्यात काही विकत घेऊ नका. पुणं म्हणजे दिल्ली नव्हे. इथे वर्षातले बरेच दिवस बाहेरची हवा घरात घेण्याजोगी असते, फक्त तिची वेळ ऋतूप्रमाणे बदलते. ती वेळ साधली आणि घरात आपण काय काय जाळतो त्याला आवर घातला, तर यंत्रासाठी काम फारसं उरत नाही.

आधी नाकाचं बघू. तुम्ही लिहिलंय की रात्री दार-खिडक्या घट्ट लावून एसी लावतो. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो असा पुष्कळांचा समज असतो, कारण त्याचा एक डबा बाहेर टांगलेला दिसतो. प्रत्यक्षात दोन डब्यांमधल्या नळ्यांतून फिरतो तो फक्त गॅस. खोलीतली हवा तीच ती, थंड होऊन पुन्हा पुन्हा फिरते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. बंद बेडरूममध्ये तिघं झोपले तर पहाटेपर्यंत तो २००० च्या वर सहज जातो. त्याने कोणी आजारी पडतं असं नाही, पण डोकं जड, तोंड कोरडं आणि झोप झाल्यासारखी न वाटणं यात त्याचा वाटा असतो. बेडरूमचं दार बोटभर उघडं ठेवा आणि हॉलची एक खिडकी फटीएवढी सरकवून ठेवा. वीजबिल किंचित वाढेल, वाढू द्या. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची. ते काम घरचं आहे, त्यासाठी माझ्यासारख्याला बोलावू नका.

चोंदलेल्या नाकाला दुसरं कारण बहुधा गादीत आहे. धुळीतले माइट नावाचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात आणि दमट हवेत फोफावतात. चादरी-अभ्रे आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा (मशीनवर तशी सोय असते, कोणी वापरत नाही), आणि गाद्या-उशांना कडक ऊन दाखवा. पूर्वी वाड्याच्या गच्चीवर दिवाळीआधी गाद्या निघायच्या. सोसायटीच्या टेरेसला कुलूप असेल तर सेक्रेटरीशी एकदा भांडून घ्या, कारण योग्य आहे.

आता धूप. सासूबाईंना दुखवायचं नाही हे मला समजतं, पण धूप, उदबत्ती, कापूर यांचा धूर हा शेवटी धूरच आहे, त्याला सुवास आहे एवढंच. दिवा लावा, उदबत्ती गॅलरीत फिरवा, किंवा देवघराजवळची खिडकी तेवढा वेळ उघडी ठेवा. डासांच्या कॉइलला मात्र मी अजिबात सवलत देणार नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या कणांइतके भरले होते. पुण्याचे फुप्फुसतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असताना एका कॉइलची तुलना शंभर सिगारेटींशी करायचे, ते उगाच नव्हे. खिडक्यांना जाळ्या बसवा आणि मुलाला मच्छरदाणीत झोपवा.

स्वयंपाकघरात चिमणी आहे म्हणता, पण ती डक्टवाली आहे का ते बघा. नळी बाहेर न काढता बसवलेली चिमणी तेल तेवढं अडवते. गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आणि वाफ पुन्हा तुमच्याच तोंडावर सोडते. नळी असेल तर तिला वळणं किती आहेत ते मोजा. प्रत्येक वळणाला ओढ कमी होते. आणि चिमणी फोडणी टाकताना नव्हे, गॅस पेटवतानाच लावायची, नंतरही पाचदहा मिनिटं चालू ठेवायची.

इथे एक गोष्ट सांगतो जी ग्राहकांना पटायला वेळ लागतो. एक्झॉस्ट जितकी हवा बाहेर टाकतो तितकी कुठून तरी आत यावीच लागते. सगळ्या खिडक्या बंद करून चिमणी लावलीत तर ती हवा बाथरूमच्या लुव्हरमधून येते. ते लुव्हर उघडतात इमारतीच्या डक्टमध्ये, म्हणजे पाइप जाणाऱ्या उभ्या पोकळीत, आणि पुण्यातल्या निम्म्याअधिक डक्टमध्ये पारव्यांची वसाहत असते. थोडक्यात, पोहे होत असताना घरात येणारी हवा पारव्यांच्या विष्ठेवरून येते. ही विष्ठा वाळून उडते. तिच्यामुळे काही लोकांच्या फुप्फुसाला दीर्घकाळची सूज येते आणि ती साध्या खोकल्याच्या औषधाने जात नाही. म्हणून स्वयंपाक चालू असताना हॉलची खिडकी उघडी हवी. डक्टला वरून आणि खालून जाळी मारण्याचा विषय सोसायटीच्या सभेत काढा. तुमच्या गॅलरीत विष्ठा असेल तर कोरडी खरडायची नाही. पाणी मारून भिजवायची, मास्क लावायचा, मग पुसायची.

उन्हाळ्याचं गणित पुण्यात फार सोपं आहे आणि तरी लोक नेमकं उलटं करतात. एप्रिलमध्ये शिवाजीनगरला दुपारी ३८ अंश असतात, आणि पहाटे पारा २०-२१ पर्यंत उतरतो. पठारावर असण्याचा हा फायदा मुंबईकरांच्या नशिबात नाही. शिवाय संध्याकाळी घाट ओलांडून पश्चिमेचा वारा येतो. मग सकाळी नऊच्या आत खिडक्या-पडदे बंद, आणि सूर्य मावळून बाहेर गार वाटायला लागलं की सगळं सताड उघडं. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, आणि गरम खोलीच्या खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा. तो भिंतींनी दिवसभर साठवलेली उष्णता बाहेर फेकतो आणि दुसऱ्या बाजूने गार हवा ओढून घेतो. बिल्डरने सरकत्या खिडक्या दिल्यात, त्यामुळे खिडकी कधीच निम्म्याहून जास्त उघडत नाही. त्याला इलाज नाही, निदान त्या निम्म्यापुढे कपाट तरी लावू नका.

पश्चिमेच्या बेडरूममध्ये पडदा आत लावून उपयोग थोडा होतो, कारण ऊन काचेतून एकदा आत आलं की आलंच. अडवायचं ते काचेच्या बाहेर. चिकाचा पडदा, बांबूची चटई, हिरवी नेट, जे सोसायटीला चालेल ते लावा. कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उत्तम चालतो, पण त्याच्यासमोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दोन तासांत खोली चिकचिकीत होते. वाळ्याच्या ताट्या मिळाल्या तर जरूर घाला, वास बोनस. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करा, डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. जून लागला की कूलर गुंडाळून ठेवा.

पावसाळा जास्त किचकट. कुबट वास म्हणजे बुरशी, आणि बुरशी म्हणजे ओल. प्रश्न एवढाच की ओल येते कुठून. पाऊस इथे नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, म्हणून पश्चिम-दक्षिणेच्या भिंती झोडपल्या जातात. तुमचं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून बसवलं असेल तर मागे हवा फिरतच नाही. भिंतीवर पोपडे दिसले तर आतून महागडा रंग मारून घेऊ नका. रंगवाला मारून देईल, पुढच्या आषाढात पोपडे परत येतील. भेगा बाहेरून भरायला हव्यात, दोरीवर लटकून काम करणारी माणसं लावून, आणि तेही मे महिन्यातच.

भिंत कोरडी असेल तर ओल आपणच आणतो. धुतलेल्या कपड्यांच्या एका घाण्यातून दोनएक लिटर पाणी हवेत जातं. बेडरूममध्ये दोरी बांधून पंख्याखाली कपडे वाळवणं म्हणजे तेवढं पाणी गादीत आणि कपाटात पोचवणं. ड्राय बाल्कनीचं दार लावून घ्या, तिथे कपडे टाका आणि एक्झॉस्ट चालू ठेवा. हवेतला दमटपणा मोजणारा पाचसातशे रुपयांचा हायग्रोमीटर घ्या. या सगळ्या खरेदीत तेवढीच मी आज मंजूर करतो. आकडा ६० टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीला आवतण. पावसाळ्यात बाहेरच ८५-९० टक्के असतात, त्यामुळे नुसती खिडकी उघडून भागत नाही. उघडीप पडली की तासभर सगळं उघडा. संततधार असेल तेव्हा खिडक्या लावून एसी ड्राय मोडवर चालवा, कपाटांची दारं सताड उघडी टाकून. भिंतीवरची बुरशी कोरड्या ब्रशने घासू नका, ती घरभर उडते. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसून जागा कोरडी करायची.

हिवाळ्यात मात्र सकाळची 'ताजी' हवा ही गैरसमजाची वस्तू आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पहाटे जमिनीलगतची थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण असतं, आणि शेकोट्या, पेटवलेला कचरा, गाड्या यांचा धूर त्याखाली कोंडतो. वेताळ टेकडीवरून सकाळी बघा, शहरावर मातकट थर दिसतो. सूर्य चढला की तो विरतो. त्या महिन्यांत खिडक्या उघडायच्या सकाळी अकरा ते दुपारी चार. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने उभी केलेली 'सफर' ही हवेचं प्रदूषण सांगणारी सेवा आहे. तीवर भूमकर चौक, शिवाजीनगर, पाषाण असे वेगवेगळे आकडे मिळतात. आपल्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे फुप्फुसात खोल जाणाऱ्या अतिसूक्ष्म कणांची, २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ वर आणली. मी मधला कुठलातरी आकडा धरतो आणि मूल घरात असेल तर खालच्या बाजूला झुकतो. दिवाळीत नागगोळीला तर घराच्या आसपास फिरकू देऊ नका. एवढीशी गोळी, पण तिचा धूर अनाराहून कितीतरी दाट.

आजूबाजूला बांधकाम असेल, आणि वाकडमध्ये नसेल कुठे, तर झाडूने धूळ उडवण्याऐवजी ओलं फडकं फिरवा. सरकत्या खिडक्यांच्या खाचाही पुसा. तिथे साचलेली सिमेंटची धूळ खिडकी उघडताच आत येते.

झाडांबद्दल: झाडं घरातली हवा शुद्ध करतात म्हणून नासाचा १९८९ चा प्रयोग सगळे सांगतात, पण तो लहानशा बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडकीच्या वायुवीजनाची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा हिशेब निघाला. मनीप्लांट लावा, छान दिसतो. पावसाळ्यात कुंड्या मात्र बाहेर ठेवा.

तुम्ही विचारलेलं नाही तरी एक विचारतो: गीझर गॅसचा आहे का? असेल आणि बाथरूमच्या आत बसवला असेल तर आजच बंद करा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि माणूस आंघोळ करता करता पडतो. असे मृत्यू आपल्याकडे दर हिवाळ्यात पेपरात येतात. गीझर बाहेर उघड्या ड्राय बाल्कनीत घ्यायचा, आत फक्त पाण्याची नळी. कुठलाही प्युरिफायर हा वायू अडवत नाही.

एवढं करून दोन महिन्यांनी मुलाला शिंका-खोकला राहिलाच, तर आधी डॉक्टरांकडे जा. दम्याचं निदान झालं किंवा शेजारी आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट असेल, तर प्युरिफायर घ्या, फक्त मुलाच्या खोलीसाठी. जाहिरातीतले चौरस फूट बघू नका, सीएडीआर विचारा, म्हणजे यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं तो आकडा. १० बाय १२ ची, साडेनऊ फूट उंचीची खोली साधारण ३२ घनमीटर भरते. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर १६० लागतो, म्हणून २०० च्या पुढचा घ्या, कमी वेगावर शांत चालेल. फिल्टर एच१३ हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणारा) हवा, आणि नव्या फिल्टरची किंमत यंत्र घेण्याआधी विचारा. ओझोन सोडणारं काही घेऊ नका. यंत्र चालू असताना ती एक खोली बंद. आणि आल्या आल्या मागचं झाकण उघडून फिल्टरवरची प्लास्टिकची पिशवी काढा. ती तशीच ठेवून महिनोन्महिने यंत्र चालवणारी घरं मी पाहिलीयत, वर 'फरक पडला हो' म्हणणारीसुद्धा.