कपाटातले संच आणि मुलांचे हात

प्राथमिक शाळेतील संगणक-कौशल्ये आणि कृतीतून विज्ञान-गणित या विषयावर गेल्या अंकात आम्ही प्रश्न मागवले होते. मुंबईच्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून शाळांची आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न: मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात ३८ मुले आहेत. एका दात्याकडून शाळेला १० टॅब आणि २ रोबोटिक्स संच मिळाले. फोटो निघाले, डेडस्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद झाली आणि संच कपाटात गेले. मोडले तर भरून कोण देणार, या धास्तीने ते कोणी बाहेर काढत नाही. टॅबवर मुले व्हिडिओ पाहतात. मला याच्या पुढे जायचे आहे, पण तासिका ३५ मिनिटांची आहे आणि मी स्वतः संगणक शिकलेली नाही. सुरुवात कुठून करू? (एक शिक्षिका, घाटकोपर)

उत्तर: कपाट तूर्त बंदच राहू द्या, हे मी उपरोधाने म्हणत नाही. यंत्राला चालवण्याआधी मुलांना नेमकी सूचना देता यायला हवी, आणि तिच्या सरावासाठी लागणारे साहित्य तुमच्या वर्गात पायाखालीच आहे. खडूने सहा बाय सहा लाद्यांचा चौकोन आखा, एका लादीवर दप्तर ठेवा, एका मुलाला यंत्र करा आणि बाकीच्यांना तीनच सूचना वापरू द्या: ‘एक लादी पुढे’, ‘डावीकडे वळ’ आणि ‘उजवीकडे वळ’. सगळ्या सूचना आधी कागदावर लिहायच्या, मग एकाने त्या क्रमाने वाचायच्या आणि यंत्र झालेल्या मुलाने स्वतःचे डोके अजिबात न चालवता त्या पाळायच्या, एवढाच नियम.

मी पाहिलेल्या एका वर्गात ‘डावीकडे वळ’ ही सूचना आल्यावर यंत्र झालेली मुलगी जागच्या जागी वळली आणि उभी राहिली. ‘अगं, जा ना!’ असा एकच ओरडा झाला. ती शांतपणे म्हणाली, ‘जा असं लिहिलंच नाहीये.’ पुढच्या फेरीत वेगळाच घोटाळा झाला, कारण सूचना लिहिणारी मुले तिच्या समोर बसली होती आणि त्यांचे डावे ते तिचे उजवे होते. कोणाचे डावे धरायचे यावर बराच वेळ वाद चालला आणि शेवटी दोन मुले उठून तिच्या पाठीमागे, तिच्याच दिशेला तोंड करून उभी राहिली आणि स्वतः वळून पाहू लागली. गणितज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. पुढे तिच्यात सूचनेप्रमाणे चालणारे एक ‘कासव’, म्हणजे जमिनीवर फिरणारे छोटे यंत्र किंवा पडद्यावरची आकृती, आले, आणि पेपर्ट यांचा भर याच गोष्टीवर होता, की अडलेल्या मुलाने स्वतः कासव होऊन चालून पाहावे. त्या दोन मुलांनी पेपर्ट यांचे नाव ऐकलेले नव्हते. पण उपाय त्यांनी तोच शोधला.

या खेळात शिक्षकाने एकच पथ्य पाळायचे: चुकलेली सूचना खोडू द्यायची नाही. तिच्याभोवती गोल करून दुरुस्ती शेजारी लिहायला सांगा. ‘कुठे बिघडलं?’ हा प्रश्न मुले एकमेकांना विचारू लागली, की तुमचा संगणकाचा तास सुरू झाला असे समजा. पारिभाषिक शब्दांची घाई नको. तीच ती ओळ लिहून कंटाळलेले एखादे मूल आपणहून ‘एक लादी पुढे, चार वेळा’ असे लिहील. त्या वेळी त्याला सांगा, की संगणकाच्या भाषेत यालाच लूप म्हणतात.

आता टॅबविषयी. तुमच्या ३८ मुलांचे चौघांचे आठ आणि तिघांचे दोन असे दहा गट होतात, म्हणजे गटागणिक एक टॅब मिळतो. वाटप आणि आवराआवर यांना सात मिनिटे धरली, तर ३५ पैकी २८ उरतात आणि चौघांच्या गटात प्रत्येकाच्या वाट्याला सात मिनिटे येतात. ही सात मिनिटे घड्याळ लावून राखा. असे केले नाही, तर गटातला सर्वांत धीट मुलगा टॅब धरतो, सुबक अक्षराची मुलगी वहीत लिहिते आणि उरलेले दोघे पाहत राहतात. नंतर आपणच म्हणतो, की मुलींना यंत्रांची आवड नसते.

टॅबवर करायचे काय, याचे मुंबईपुरते माझे उत्तर पाऊस हे आहे. सरळ अंगाची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग तुम्ही स्वतः कापून द्या आणि तो उलटा करून नरसाळ्यासारखा तिच्यातच बसवा. तळ खोलगट असतो म्हणून बाटलीचे अंग जिथे सरळ होते तिथपर्यंत आधी पाणी भरा, तिथे शून्याची खूण करा आणि त्यापासून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. बाटली गच्चीत किंवा पटांगणात, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, वीट लावून ठेवा. रोज ठरलेल्या वेळी एका गटाने आकडा वाचायचा, बाटली शून्याच्या खुणेपर्यंत रिकामी करायची आणि टॅबवरच्या तक्त्यात तारीख व मिलिमीटर अशी नोंद करायची. महिनाअखेरीस याच तक्त्यातून आलेख निघतो. तो कसा काढायचा हे शिकायला तुम्हाला एक संध्याकाळ पुरेल.

मुलांना खरा विचार करायला लावणारे प्रश्न यानंतर येतात. बाटलीहून रुंद तोंडाचे नरसाळे लावले तर आकडा फुगेल का? सुट्टीच्या दिवशी कोणी वाचले नाही, तर तक्त्यात शून्य लिहायचे की रकाना मोकळा ठेवायचा? हा दुसरा प्रश्न किरकोळ नाही. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एवढा भेद चौथीत पक्का झाला तर पुढे आकडेवारी वाचताना जन्मभर उपयोगी पडतो. हवामान खात्याच्या मोजणीत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.४ च्या वर ‘अत्यंत जोरदार’ पाऊस धरला जातो. मुलांनी आपल्या आकड्यांना हीच मोजपट्टी लावावी. मग २६ जुलै २००५ ची गोष्ट सांगा. त्या पावसात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर नोंद झाली आणि त्याच शहरात कुलाब्याला ७५ मिलिमीटरही भरले नाहीत. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून ९४ सेंटिमीटरवर आणि साडेसात सेंटिमीटरवर अशा दोन रेघा मारा. चौथीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येणारी एक रेघ आणि घोट्यापाशी राहणारी दुसरी, हे पाहिल्यावर ‘मुंबईत किती पाऊस पडला?’ हा प्रश्न अपुरा आहे हे वेगळे शिकवावे लागत नाही.

हे सगळे परिसर अभ्यास, गणित आणि कार्यानुभव यांच्या तासिकांत बसते. वेळापत्रकात नवा विषय मागण्याची गरज नाही.

राहिले कपाट. तुमची धास्ती मी नाकारत नाही. डेडस्टॉकमध्ये चढलेली वस्तू मोडली, की निर्लेखन होईपर्यंत, म्हणजे ती नोंदीतून रीतसर काढली जाईपर्यंत, तिचा हिशेब कोणाच्या तरी डोक्यावर राहतो. म्हणून संच बाहेर काढण्यापूर्वी मुख्याध्यापकांशी बोलून वापरातील तूटफुटीसाठी वेगळी वही सुरू करा आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तशी नोंद करून घ्या. मुलांनी वापरताना मोडलेली चाके त्या वहीत दिसली, तर तो शाळेचा दोष मानू नये, हे समितीला पटवावे लागेल. अधिकाऱ्यांनाही पटायला हवे, पण त्याला वेळ लागतो.

प्रश्न: माझी मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत आहे. घराजवळच्या एका खासगी कोडिंग वर्गाने आम्हाला सांगितले, की आत्ता सुरुवात केली नाही तर ती कायमची मागे पडेल. वर्षाची फी आमच्या महिन्याच्या मिळकतीहून अधिक आहे. काय करावे? (एक पालक, भांडुप)

उत्तर: पैसे भरू नयेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा समावेश माध्यमिकपूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत सुचवलेला आहे. तिसरीपर्यंत मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, याला त्या धोरणात सर्वाधिक निकड दिली आहे. तुमची मुलगी आज मागे पडलेली नाही. भीती दाखवून विकल्या जाणाऱ्या शिक्षणाकडे मी तरी संशयानेच पाहतो.

तिला हौस असेल तर ती जरूर पुरवावी. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले स्क्रॅच हे सुमारे ८ ते १६ वयासाठी आणि २०१४ मध्ये आलेले स्क्रॅच ज्युनिअर हे ५ ते ७ वयासाठी आहे. दोन्ही विनामूल्य आहेत, आणि स्क्रॅच एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालते. त्यात आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून पडद्यावरच्या मांजराला चालवायचे असते. तुम्ही शेजारी बसा, पण माऊस हातात घेऊ नका. (हे लिहायला सोपे आहे, माझ्या भाचीशेजारी बसलो असताना मला ते पाच मिनिटेही जमले नव्हते.)

एखाद्या वर्गात तिला घातलेच, तर शुल्काची पावती घेण्यापूर्वी एक परीक्षा करा. तिथल्या एखाद्या मुलाने केलेला खेळ पाहा आणि त्याला सांगा, ‘मांजर उजवीकडे जाण्याऐवजी वर गेले पाहिजे.’ तो बदल मुलाने चाचपडत का होईना, स्वतः केला तर वर्ग बरा आहे. शिक्षकांनी पुढे होऊन केला, किंवा सगळ्या मुलांचे खेळ हुबेहूब सारखे दिसले, तर तिथे फळ्यावरून उतरवून घेणेच चालू आहे. रविवारी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात तिला न्या. १९८५ मध्ये सुरू झालेल्या या केंद्रात पुष्कळशी उपकरणे हाताने फिरवून, ढकलून पाहता येतात. तिला एकाच उपकरणापाशी अर्धा तास रमायचे असेल तर रमू द्या, बाकीचे केंद्र पुढच्या खेपेला पाहता येईल.

प्रश्न: माझ्या नातवाला फोन आमच्यापेक्षा चांगला येतो. मग शाळेत आणखी काय शिकवायचे? (एक आजोबा, गिरगाव)

उत्तर: नातू फोन चालवतो की फोन त्याला चालवतो, हे एकदा पाहावे. ग्रामीण भारतात घेतल्या जाणाऱ्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयाच्या ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. मात्र आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाशी संबंधित काही केलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमे वापरलेली ७६ टक्के. आकडे गावांतल्या आणि मोठ्या मुलांचे असले तरी गिरगावात चित्र फार निराळे असेल असे मला वाटत नाही.

घरी करून पाहण्याजोगी कसोटी सांगतो. नातवाला मराठीत पाच ओळी टंकून, त्या फाइलला ओळखू येईल असे नाव देऊन साठवायला सांगा आणि दोन दिवसांनी ती शोधून द्यायला सांगा. झरझर व्हिडिओ सरकवणारी मुले इथे हमखास अडतात. जोडाक्षर उमटत नाही, फाइल ‘गेली’ असते, आणि ती कुठे गेली असेल याचा अदमासही नसतो. शाळेने शिकवायचे ते हेच, आणि आलेला निरोप खरा की खोटा हे पुढे पाठवण्याआधी कसे पडताळायचे तेही. या शेवटच्या धड्याला आजोबांनीही बसावे.

प्रश्न: आमच्या प्राथमिक शाळेसाठी माजी विद्यार्थ्यांनी थोडा निधी जमवला आहे. अटल टिंकरिंग लॅब मिळू शकेल का? नसल्यास काय घ्यावे? (शाळा व्यवस्थापन समितीचे एक सदस्य, मुलुंड)

उत्तर: शाळेत मुलांना हाताने वस्तू बनवून पाहण्यासाठी प्रयोगशाळा देणारी नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष मिशनची ती योजना सहावी ते बारावीसाठी आहे, त्यामुळे पाचवीपर्यंतच्या शाळेला तिचा लाभ मिळत नाही. तुमचा निधी थोडा आहे याचे मला वाईट वाटत नाही, कारण मोठ्या रकमेतून बहुधा एक महाग यंत्र येते आणि मुले त्याच्याभोवती हात मागे बांधून उभी राहतात. मोजपट्ट्या, भिंगे, चुंबक, ताणकाटे, तापमापी, लहान पेचकस, टॉर्चचे बल्ब, वायर आणि पेन्सिल सेल यांचे चार-चार मुलांना एक पुरेल इतके संच करा. ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडला बल्ब, वायर, सेल ठेवायचे खोके हे सगळे घाऊक मिळते. शिक्षकांपैकी एकाने सोबत जावे, म्हणजे नको त्या वस्तू येणार नाहीत. काही साहित्य तर विकतही घ्यावे लागत नाही. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे जोडून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती करण्याची टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करणारे अरविंद गुप्ता यांनी रूढ केलेली कृती (काड्यांची गुले आधी काढावीत) तिसरीतली मुलेही करतात, आणि चौकोन दाबला की कलतो पण त्रिकोण हलत नाही, हे त्यांच्या बोटांना आधी कळते.

निधीचा चौथा हिस्सा दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा. सेल संपतात, बल्ब उडतात, पेचकस हरवतात, आणि ते नव्याने आले नाहीत तर खोके पुन्हा कपाटात जाते.

सुरक्षिततेबाबत दोन गोष्टी लेखी नियम म्हणून लावा. भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला कोणताही प्रयोग जोडायचा नाही. दोन पेन्सिल सेलचे तीन व्होल्ट पुरतात. आणि घड्याळात असतात तसले चपटे बटण-सेल प्राथमिक वर्गात आणायचेच नाहीत, मग ते संचाबरोबर फुकट आलेले का असेनात. ते गिळले गेल्यास अन्ननलिकेला काही तासांत गंभीर इजा होऊ शकते. असे झाल्याचा नुसता संशय आला तरी मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे, लक्षणांची वाट पाहू नये.