प्रोबच्या आधी मल्टीमीटर लाव

डीबग प्रोब (चिपमध्ये प्रोग्राम टाकायचं आणि तपासायचं उपकरण) जोडण्याआधी बोर्ड चालू कर आणि व्हीडीडी (चिपची वीजपुरवठ्याची पिन) व ग्राउंड यांच्यामधलं व्होल्टेज स्वतः मोज. अंदाजाने ३.३ धरून चालू नकोस. एनआरएफ ५२८४० या ब्लूटूथ चिपचं बघ. ही चिप व्हीडीडीएच (जास्त व्होल्टेजच्या पुरवठ्यासाठीची पिन) वरून चालवली, तर कोऱ्या चिपचा आतला रेग्युलेटर १.८ व्होल्टच देतो. तू तो ३.० वर सेट केला असलास, तरी पूर्ण इरेज मारलं की सेटिंग पुसलं जातं आणि चिप परत १.८ वर. पेनड्राइव्हसारखे दिसणारे स्वस्त प्रोब मात्र ३.३ चेच सिग्नल पाठवत राहतात. या चिपच्या पिनवर व्हीडीडीपेक्षा ०.३ व्होल्टहून जास्त चढू द्यायचं नसतं; इथे फरक थेट दीड व्होल्टचा!

नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते व्हीटीरेफवर, म्हणजे बोर्डाचं व्होल्टेज प्रोबला कळवणाऱ्या पिनवर. १० पिनांच्या डीबग कनेक्टरवरची ही पहिली पिन. चांगला प्रोब तिथलं व्होल्टेज वाचतो आणि त्याप्रमाणे आपले सिग्नल जुळवतो, म्हणून ती वायर सोडू नकोस. याउलट, स्वस्त प्रोबवरची ३.३ लिहिलेली पिन बहुतेकदा स्वतःच वीज बाहेर देते. बोर्ड स्वतःच्या सप्लायवर असेल तर तिला हात लावू नकोस. ग्राउंड मात्र हवाच.

आणि बोर्ड बंद असताना प्रोब लावून ठेवू नकोस. माझ्या टेबलावर एकदा बॅटरी काढलेल्या बोर्डावरचा एलईडी मंद पेटलेला दिसला. एसडब्ल्यूडीआयओच्या (प्रोबच्या डेटा सिग्नलच्या) वायरमधून आलेला करंट चिपच्या संरक्षक डायोडवाटे आत शिरत होता.